आधी नंबर तिच्या नावावर: बचत गटातला मोबाइलचा वर्ग, पायरी पायरीने

२०२५च्या सप्टेंबरात लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा आमच्या गटातल्या एक काकू सकाळच्या एसटीने, अर्ध्या तिकिटात, तालुक्याला गेल्या. सेवा केंद्रात रांग लावली. आधार क्रमांक टाकला, ‘ओटीपी पाठवला आहे’ असं आलं आणि काकूंच्या हातातला फोन गप्प. ओटीपी गेला होता चाकणला. पूर्वी आधार काढताना घरात एकच मोबाइल होता, त्याचा नंबर दिला. पुढे तो नंबर थोरल्या मुलाबरोबर कंपनीत गेला. मुलगा पहिल्या पाळीत, फोन लॉकरमध्ये. आधारचा ओटीपी दहा मिनिटं चालतो. काकू दुपारच्या गाडीने तशाच परत आल्या.

आणि काकूंना फोन चांगला येतो हो. यूट्यूबवर कीर्तन लावतात, नातवाला व्हिडिओ कॉल करतात. माझ्याच वर्गात शिकल्या. म्हणजे मी त्यांना बाकी सगळं शिकवलं आणि जे पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं तेच विचारलं नाही, की हा नंबर कुणाचा?

तेव्हापासून वर्गाचा क्रम मी उलटा केला. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावात बचत गटाच्या बायकांसाठी रविवारी दुपारी हा वर्ग चालतो, मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात. तोच क्रम इथे सांगते. महिला मंडळ असो, सोसायटीत कामाला येणाऱ्या ताया असोत की घरातली आई आणि सासू असो, थोडा फेरफार करून कुठेही चालेल.

आधी थोडे आकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या बायका देशात निघाल्या ३३.३ टक्के आणि पुरुष ५७.१ टक्के. महाराष्ट्रात ३८ आणि ६१.५. शेजारच्या गोव्यात बायका ७३.७ आणि पुरुष ८२.९, म्हणजे गोव्यातल्या बायका आपल्याकडच्या पुरुषांच्याही पुढे. हा आकडा मी एकदा ग्रामसभेत वाचून दाखवला होता. मागे बसलेल्या दोघांनी गोव्यावर जे विनोद केले ते इथे लिहीत नाही.

मला मात्र त्याच सर्वेक्षणातले दुसरे दोन आकडे जास्त टोचतात. देशात ७८.६ टक्के बायकांकडे स्वतः वापरत असलेलं बँक खातं आहे; स्वतः वापरता येईल असा मोबाइल फक्त ५४ टक्क्यांकडे. खात्यात पैसे जमा होतात तिच्या, आणि मेसेज वाजतो दुसऱ्याच्या खिशात. फोन तेव्हापेक्षा आता पुष्कळ वाढलेत, पण ही तऱ्हा मी दर रविवारी बघते.

पायरी १: वही घाला

पहिल्या दिवशी फोन कुणी काढायचाच नाही. शंभर पानी वही घ्या, प्रत्येकीच्या नावाने एक पान, आणि पाच गोष्टी विचारा. हातातला फोन कुणाचा आणि तो घरी किती वाजता असतो? सिम कुणाच्या नावावर? आधारला कुठला नंबर जोडलाय? बँकेत कुठला? आणि रिचार्ज कोण मारतं?

पाचवा प्रश्न हलका वाटतो, पण खरं काय ते तिथेच कळतं. ‘पोरगा मारतो, जमलं की’ असं उत्तर आलं, तर त्या बाईचं नेट महिन्यातले काही दिवस बंदच असतं असं धरून चाला, आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेला धडा तिला मिळाला नाही म्हणून तिच्यावर चिडू नका.

बऱ्याच जणींना दोन-तीन उत्तरं माहीतच नसतात. ‘माहीत नाही’ हेच लिहून ठेवा, ते पुढच्या पायरीचं काम. मागच्या खेपेला वही भरली तेव्हा पाचही ठिकाणी स्वतःचंच नाव असलेल्या जेमतेम दोघी निघाल्या: एक अंगणवाडी सेविका आणि एक विधवा वहिनी.

पायरी २: नंबर जागेवर आणा

या पायरीला महिना जातो. जाऊ द्या. इथे घाई केली की पुढचं सगळं शिकवणं काकूंच्या ओटीपीसारखं चाकणला जातं.

सुरुवात सिमपासून. दूरसंचार खात्याचं ‘संचार साथी’ नावाचं संकेतस्थळ आणि ॲप आहे. त्यात ‘माझ्या नावावर किती मोबाइल जोडण्या’ अशा अर्थाचा पर्याय असतो. तिथे स्वतःचा नंबर टाकायचा, आलेला ओटीपी भरायचा, की त्या नावावर चालू असलेल्या नंबरांची यादी समोर येते. मधले आकडे झाकलेले असतात, पण ओळखता येतात. एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त नऊ जोडण्या चालतात. आमच्याकडे ही यादी उघडली की हमखास हशा पिकतो, कारण नवऱ्याचं दुसरं सिम बायकोच्या नावावर निघतं आणि बायकोचं सिम दिराच्या. ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर तिथेच ‘माझा नंबर नाही’ असं कळवता येतं. घरातल्याच कुणाचा असेल तर आधी घरात विचारा, नाहीतर मामंजींचा फोन बंद पडायचा आणि वर्गावर गंडांतर यायचं.

सिम दुसऱ्याच्या नावावर असेल तर दोन वाटा आहेत. त्या माणसाला बरोबर घेऊन कंपनीच्या दुकानात जाऊन नाव बदलून घ्यायचं, किंवा तिच्या आधारवर सरळ नवं सिम काढायचं. माझा कल नव्या सिमकडे. जुन्या नंबरवर घरादाराचे फोन येत असतात, नाव बदलायचं म्हटलं की घरात चर्चासत्र बसतं. आजकालच्या फोनला दोन सिमं बसतातच. जुनं राहू द्या, नवं तिचं. एकाच फोनवर दोन नंबरांचं व्हॉट्सॲप चालवण्याची सोयही २०२३पासून आहे.

मग आधार. कुठला नंबर जोडलाय हे बघायला ‘माय आधार’ संकेतस्थळावर मोबाइल नंबर पडताळायची सोय आहे. आधार क्रमांक आणि अंदाजाने एकेक नंबर टाकून बघता येतो, लॉगिन लागत नाही. नंबर बदलायचा तर आधार केंद्रावर जाऊन अंगठा लावणं हा भरवशाचा मार्ग. कागदपत्र काही लागत नाही. ऑक्टोबर २०२५पासून या बदलाचं शुल्क ७५ रुपये आहे, त्याची पावती मागून घ्या आणि वहीच्या त्या पानाला टाचून ठेवा. दुसरी सोय पोस्टाची. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमन यंत्र घेऊन येतो आणि आधारचा मोबाइल नंबर बदलून देतो. ही सेवा २०२१पासून आहे, पण गावात कुणी विचारतच नाही. दहा-बारा जणींची नावं लिहून पोस्टात द्या आणि एक दिवस ठरवून घ्या. एकीसाठी पोस्टमन येईल न येईल, बाराजणींसाठी त्याला फेरी परवडते.

बँक शेवटी. पासबुक आणि आधार घेऊन शाखेत जायचं, मोबाइल नंबर बदलायचा अर्ज भरायचा. त्याच खेपेला आणखी एक गोष्ट विचारून यायची: ‘माझं आधार कुठल्या खात्याला जोडलंय?’ सरकारी योजनेचे पैसे तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात जातीलच असं नाही, ते आधारला सगळ्यात शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. लाडक्या बहिणीचा पहिला हप्ता २०२४च्या ऑगस्टमध्ये आला, तेव्हा ‘पैसेच आले नाहीत’ म्हणून रडवेल्या झालेल्या कित्येकींचे पैसे कधीतरी उघडलेल्या आणि विसरलेल्या खात्यात पडून होते.

एवढं केल्यावर तो नंबर जिवंत ठेवायचा. ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर कंपनी नंबर बंद करू शकते, आणि काही काळाने तो दुसऱ्या कुणाला मिळतो. मग बाईच्या बँकेचे मेसेज परक्या माणसाला जायला लागतात. प्रीपेड सिममध्ये किमान २० रुपये शिल्लक असेल तर मुदत वाढते, असा ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, नियम आहे. आम्ही गटाच्या मासिक बैठकीत हप्त्याबरोबर रिचार्जची तारीखही वाचतो.

पायरी ३: फोन तिच्या हाताजोगा करा

आमच्या वर्गात एक आक्का आहेत. त्यांचा अंगठा म्हणजे चाळीस वर्षं भाकरी थापलेला, खुरपं धरलेला अंगठा. टचच्या फोनवर तो असा पडतो जसा विजेच्या बटणावर पडावा: दाबायचा आणि दिवा लागेपर्यंत धरून ठेवायचा. फोनला वाटतं, आक्कांना चित्र हलवायचंय. चित्रं थरथरायला लागतात, एखादं कडेला सरकतं, एखादं पुसलं जातं. आक्का फोन झटक्यात पदराखाली घेतात. ‘गेलं बाई!’ आणि पुढचे पंधरा दिवस फोनला हात नाही.

यात आक्कांना न येण्यासारखं काही नाही, फोनची शिलाई दुसऱ्याच्या मापाची आहे, एवढंच. ती उसवून घ्यायची. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीच्या भागात, दाबून धरल्यावर किती वेळाने फोनने ‘धरलं’ असं समजायचं ते ठरवता येतं. ते सगळ्यात जास्त करा. बऱ्याच फोनांत होम स्क्रीनची मांडणी कुलूपबंद करायची सोय असते, ती लावा. मग चित्रं हलतच नाहीत. अक्षर मोठं करा. फोन, व्हॉट्सॲप, कॅमेरा, यूट्यूब, गूगल एवढीच चित्रं पहिल्या पानावर ठेवा, बाकी मागे सारा. जाड प्लास्टिकचा स्क्रीनगार्ड असेल तर काढून टाका, राख आणि माती लागून कोरड्या पडलेल्या बोटांना तो जुमानत नाही. बोटाच्या ठशाचं कुलूपही अशा हातांना दगा देतं. चार आकड्यांचं बरं. आकडे जन्मसालाचे नकोत, कारण ते सगळ्या घराला पाठ असतात.

फोनची भाषा मराठी करायची का, यावर माझं मत थोडं वाकडं आहे. सेटिंग्जमधली मराठी ही परिपत्रकातली मराठी आहे. ‘सूचना’, ‘अनुमती द्या’ इथपर्यंत ठीक, पण ॲक्सेसिबिलिटीला ‘प्रवेशयोग्यता’ म्हटलं की आक्काच काय, मीसुद्धा थबकते. पाहिजे तिने मराठी करावी. शिकवताना मात्र मी चित्र, रंग आणि जागा यांवर भर देते. ‘खालचा हिरवा गोल’, ‘कागदी विमान’, ‘वरचे तीन टिंब’. ही नावं बायकाच पाडतात आणि मग एकमेकींना फोनवरून सांगूही शकतात.

व्हॉट्सॲपमधलं फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवणं पहिल्याच दिवशी बंद करा. सुप्रभातच्या फुलांनी फोन भरतो, नेट संपतं, आणि घरात बोलणी बाईला बसतात.

पायरी ४: वेळ, जागा आणि हात मागे

वेळ ठरवताना वही उघडा, बायकांच्या सोयीइतकंच फोनचंही वेळापत्रक बघावं लागतं. फोन घरातला एकच असेल तर तो सकाळी आठला नवऱ्याबरोबर जातो आणि रात्री आठला येतो. म्हणून आमचा वर्ग रविवारी दोन ते चार. पुरुष घरी, म्हणून फोनही घरी. बाजाराचा वार, पाण्याची पाळी, एकादशी हे सगळं टाळून. पेरणी आणि काढणीत वर्ग घेऊच नका, रिकाम्या सतरंजीने शिकवणाऱ्याचाच उत्साह मरतो.

एका वेळी आठजणी पुष्कळ. जोड्या लावा, पण सासू-सुनेची जोडी एकत्र नको. सून शिकवायला लागली की सासूचा मान जातो, सासू शिकवायला लागली की सुनेचा फोन जातो.

आता या वर्गाचा एकमेव कडक नियम. शिकवणारीने शिकणारीच्या फोनला हात लावायचा नाही. मी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहते, अक्षरशः. कारण घरात काय होतं ते आपण सगळे जाणतो: ‘आई, दे इकडे, तुला नाही जमायचं,’ आणि तीन सेकंदांत काम झालेलं. काम होतं, आई तिथेच राहते. आपल्याला तीन सेकंदांच्या कामाला दहा मिनिटं द्यायची आहेत. चुकीचं बटण दाबलं तर दाबू द्या, मागे यायचं कसं ते तेव्हाच पक्कं होतं. ‘मागे’ हे बटण मी कुठल्याही ॲपच्या आधी शिकवते. परत फिरायची वाट माहीत असली की पाऊल पुढे पडतं.

शिकवायला कोण? गावातला संगणक क्लासवाला मुलगा हुशार असतो, पण भरभर बोलतो. माझी पसंती अंगणवाडी सेविका किंवा आशाताईला. अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकरसारख्या सरकारी ॲपवर नोंदी करणाऱ्या या बायका गावात सगळ्यात जास्त फोन हाताळतात, तोही अपुऱ्या साधनांवर. २०२१मध्ये निकृष्ट फोन आणि इंग्रजी ॲपला वैतागून महाराष्ट्रभरच्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले होते, ते आठवत असेल. त्यांच्यावर आधीच कामाचा डोंगर आहे, तेव्हा फुकट राबवू नका. गटाच्या निधीतून मानधन द्या, थोडं का होईना.

बाईने बाईला शिकवायचा प्रयोग नवा नाही. गूगल आणि टाटा ट्रस्ट्सने २०१५मध्ये ‘इंटरनेट साथी’ सुरू केलं, त्यात गावातलीच बाई सायकलवर फोन आणि टॅबलेट घेऊन दारोदार जायची. उलट २०१७ची प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता मोहीम बघा. वीस तासांचा अभ्यासक्रम, आणि नियम असा की एका कुटुंबातला एकच जण. एकच जण म्हटल्यावर आमच्या आळीत घराघरातून कोण गेलं असेल, ते सांगायला नको.

पायरी ५: पहिला धडा आवाजाचा

अक्षरओळख असेल तर उत्तम, नसेल तर तिच्यासाठी थांबू नका. म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेची गोष्ट साताऱ्या-सोलापूरकडे सगळ्यांना ठाऊक आहे. संचालक बायका अंगठाबहाद्दर म्हणून रिझर्व्ह बँकेने परवाना पहिल्यांदा नाकारला. बायका शिकल्या, परत गेल्या, आणि व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करतो, तुमचे अधिकारी यंत्राशिवाय करतील का, असं विचारून आल्या. १९९७मध्ये बँक उभी राहिली. जिला व्याज तोंडी येतं तिला माइकचं चित्र ओळखता येणारच.

पहिल्या रविवारी व्हॉट्सॲपचा आवाजी निरोप. गटाचा एक ग्रुप करा आणि प्रत्येकीला एकच काम द्या: माइक दाबून धरायचा, स्वतःचं नाव आणि आज काय भाजी केली ते सांगायचं, बोट सोडायचं. दाबून धरायची सवय, जी तिसऱ्या पायरीत नडत होती, ती इथे कामी येते. आक्कांचा पहिला निरोप चार सेकंदांचा होता: ‘हॅलो... हॅलो... कोण हाय?’ तो आम्ही अजून पुसलेला नाही.

दुसऱ्या रविवारी बोलून शोधणं. गूगलमध्ये किंवा कीबोर्डवर माइक असतो, भाषा मराठी निवडलेली आहे का तेवढं एकदा बघून द्या. मग ‘बार्शी तुरीचा भाव’ किंवा ‘शेळीला जुलाब’ असं बोलायचं. सरळ, सुटं, तीन-चार शब्दांत. आपली बोली फोनला प्रत्येक वेळी कळतेच असं नाही, आणि चुकून काहीतरी भलतंच उमटतं. त्याला हसायचं आणि पुन्हा बोलायचं. पहिला शोध मात्र तिच्या गरजेचा हवा. मी एकदा हौसेने ‘भारताचे राष्ट्रपती’ शोधायला लावलं होतं. कुणाला काही पडलं नव्हतं.

तिसऱ्या आणि चौथ्या रविवारी कॅमेरा, पण कागदांसाठी. रेशनकार्ड, पासबुकाचं पहिलं पान, पोराचा दाखला उजेडात सरळ धरून फोटो काढायचा आणि स्वतःच्याच नंबरवर व्हॉट्सॲप करून ठेवायचा. सेवा केंद्रात कागद विसरला म्हणून फेरी वाया जात नाही. त्यातच सातबारा बघायला शिकवा. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर गट क्रमांक टाकून सातबारा फुकट बघता येतो, आणि आपलं नाव त्यावर आहे की नाही हे पुष्कळ बायका तिथे पहिल्यांदा बघतात. त्यानंतरची शांतता हाताळायची तयारी ठेवा. लक्ष्मी मुक्ती योजनेत नवरा स्वतः अर्ज करून बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावू शकतो, त्याची माहिती तलाठ्याकडे मिळते, एवढं मी सांगते आणि विषय घराघरावर सोडते.

पायरी ६: पैसे

आठवड्याच्या बाजारात आमच्या एक ताई पापड-शेवया विकतात. समोर क्यूआरचा कागद चिकटवलेला, शेजारी पैसे आल्याचं बोलणारा डबा. मी सहज स्कॅन केलं तर नाव आलं ताईंच्या नवऱ्याचं. पीठ यांचं, लाटणं यांचं, उन्हात बसणं यांचं. ताईंना ते ठाऊकच नव्हतं; ‘डबा बोलतो की, आले म्हणून.’ तेव्हा पैशाच्या पायरीचा पहिला धडा हाच, की आपल्या कागदावर स्कॅन करून नाव काय येतं ते बघायचं. ते बदलायचं की नाही हा घरातला प्रश्न. माहीत तरी असावं.

यूपीआय सुरू करायला बहुतेक ठिकाणी एटीएम कार्ड लागतं. कार्ड नसेल तर काही बँका आधारच्या ओटीपीवरही पिन काढू देतात, फक्त बँकेतला आणि आधारचा नंबर एकच हवा. दुसऱ्या पायरीला महिना घातला तो इथे वसूल होतो. वर्गात प्रत्येकीने दुसरीला एक रुपया पाठवायचा आणि परत घ्यायचा. त्या वेळी एकच वाक्य सगळ्यांकडून म्हणून घ्या, अगदी पाढ्यासारखं: ‘पैसे घ्यायला पिन लागत नाही.’ कुणी पैसे देतो म्हणून पिन टाकायला सांगितलं की समजावं, हा घेणारा आहे.

फोन दोघातिघांत फिरत असेल तर यूपीआय लाइट लावू नका, त्यात लहान रकमा पिनशिवाय जातात. मोठी शिल्लक ज्या खात्यात आहे ते यूपीआयला जोडूच नये; रोजच्या व्यवहाराला वेगळं लहान खातं बरं. बटणाचाच फोन असेल तरी अडत नाही. *९९# डायल करून शिल्लक बघता येते, पैसे पाठवता येतात, भाषा मराठी निवडता येते. बटणाच्या फोनसाठी रिझर्व्ह बँकेने ८ मार्च २०२२ला यूपीआय १२३पे आणलं, तेही बँकेत विचारून घ्या.

पायरी ७: फसवणूक, त्रास आणि फोन काढून न घेण्याचं वचन

पैसे गेले तर १९३० या नंबरवर लगेच फोन. लाज बाळगत संध्याकाळ करू नका, जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम मध्येच अडवली जाण्याची शक्यता जास्त. हा नंबर प्रत्येकीच्या फोनमध्ये ‘चोर’ या नावाने साठवा. आमच्याकडे तसाच आहे, आणि ऐन वेळी तोच आठवतो.

कुणी घाणेरडे फोटो पाठवतो, सारखा मेसेज करतो, तर ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट काढायचा, पुरावा राहतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर महिलांविषयीच्या तक्रारी नाव न देताही नोंदवता येतात. नको म्हटल्यावरही ऑनलाइन पाठलाग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८खाली गुन्हा आहे. खासगी फोटो पसरवायची धमकी असेल तर ‘स्टॉप एनसीआयआय’ नावाची मोफत सेवा आहे, अठरा वर्षांवरच्यांसाठी. फोटो कुणाला पाठवावा लागत नाही, आपल्याच फोनवर त्याचा सांकेतिक ठसा बनतो आणि त्यावरून सहभागी कंपन्या तो चढवू देत नाहीत.

पण हे सगळं उपयोगी कधी, तर मुलीने किंवा सुनेने तोंड उघडलं तर. ती उघडत नाही, कारण तिला पुढचं माहीत असतं: त्रास देणारा राहतो बाजूला, फोन मात्र तिचाच काढून घेतला जातो. म्हणून या पायरीला मी आया आणि सासवांकडून वचन घेते, देवळातच बसलेलो असतो तेव्हा सोयीचं पडतं: ‘सांगितलंस तर फोन काढून घेणार नाही.’

मुलींच्या बाबतीत तर हे फार जपावं लागतं. ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीच्या २०२३च्या अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींना विचारलं होतं. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी १९.८ टक्क्यांकडे. यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने २०२२मध्ये अठराच्या आतल्या सगळ्यांनाच मोबाइलबंदी केली होती. ती बंदी पटो न पटो, निदान कागदावर मुलगा-मुलगी एकाच मापाने मोजली होती. घरात नियम करायचा तर तसा करा. रात्री नऊनंतर फोन बाहेरच्या खोलीत, तर दोघांचाही.

घरच्या पुरुषांचं काय

त्यांना पहिल्या आणि शेवटच्या वर्गाला बोलवा, मधल्या नाही. पहिल्या दिवशी भाषण करू नका. त्यांची भीती साधी असते, फोन बिघडेल, बिल येईल, पैसे जातील. ‘बिघडला तर दुरुस्तीला मी नेईन’ एवढं सांगितलं की बरेचसे मवाळ होतात. आमच्याकडे एका भाऊंना ई-पीक पाहणीने, म्हणजे ॲपवरच्या पिकाच्या नोंदीने, जिंकलं. बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढायचा असतो आणि भाऊ नेमके परगावी. वहिनींनी ती नोंद एकटीने केली. नवा फोन त्यांनी दिवाळीला स्वतःहून आणला.

शेवटच्या दिवशी परीक्षा घ्या, पण पेपर नाही. प्रत्येकीने वहीतलं आपलं पान काढायचं आणि पाच प्रश्नांची उत्तरं पुन्हा सांगायची. मागच्या तुकडीत आधारचा नंबर सगळ्यांचा जागेवर आला, रिचार्ज मात्र निम्म्याजणींचा अजून पोरगाच मारतो. काकूंची केवायसी पोस्टमन येऊन गेल्यावर झाली, घरीच, ओसरीवर बसून. स्वतःचा ओटीपी त्यांनी मोठ्याने वाचला, तेव्हा ‘अहो, हळू वाचा’ म्हणून सगळ्या ओरडल्या. पुढची तुकडी आता नागपंचमी झाल्यावर, पेरण्या आणि पहिली खुरपणी आटोपली की.